पटावरचा त्याग आणि घरातला त्याग



या महिन्याचा विषय 'त्याग' ठरला, तेव्हा आम्हा सेविकांपैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर एकादशीचा उपास आला, दानपेटी आली, फार तर दधीची ऋषी आले. बुद्धिबळ कुणाच्याच मनात नव्हतं. पण आपल्या इंदूरच्या बालवर्गात गेले काही महिने प्रार्थना संपली की मुलं पट मांडून बसतात. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच वर्षी गोव्यातही विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हापासून मुलींचा उत्साह तर विचारूच नका. आणि या सगळ्यांच्या तोंडी एक शब्द सतत असतो, 'सॅक्रिफाइस'. "मी हत्ती सॅक्रिफाइस केला", "तिने उंट सॅक्रिफाइस केला आणि मला मात दिली." मराठीत कुणी याला बलिदान म्हणतात, कुणी सरळ त्याग म्हणतात.

तेव्हा आम्हाला वाटलं, हा शब्द पटावर बरोबर बसतो का, हे एकदा नीट तपासून पाहावं. कारण हाच शब्द आपण घरातही वापरतो, आणि फार सहज वापरतो.

प्रश्न दोन आहेत. जिंकण्यासाठी दिलेली वस्तू हा त्याग होतो का? आणि दुसरा, जरा अवघड: दिलं कुणी, आणि गेलं कुणाचं?

*आधी खेळातलं थोडं*

ज्या आजी-मावशांनी पट कधी मांडला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. प्रत्येक मोहऱ्याची एक ढोबळ किंमत धरतात. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच संपला. साधा हिशोब असा की आपलं कमी जावं, समोरच्याचं जास्त जावं. पण कधी कधी खेळाडू मुद्दाम उलटं करतो. आपला उंट किंवा हत्ती फुकट मारू देतो आणि त्या बदल्यात वेळ घेतो. समोरचा मोहरे खाण्यात गुंतला की तेवढ्या चालींत याचे बाकीचे मोहरे राजाभोवती गोळा होतात. हल्ला यशस्वी झाला तर दिलेल्या मोहऱ्यांची किंमत कुणी विचारत नाही. नाही झाला, तर पुढचा सगळा डाव कमी फौजेनिशी खेळत बसायचं.

*एका शाळामास्तरांचा डाव*

या प्रकारातला सर्वांत गाजलेला डाव २१ जून १८५१ या दिवशी लंडनमध्ये खेळला गेला. पांढरे मोहरे होते अ‍ॅडॉल्फ अँडरसन यांचे. जर्मनीतल्या ब्रेस्लाउ गावचे हे गणिताचे शिक्षक. ते गाव आज पोलंडमध्ये आहे आणि व्रोत्स्वाफ म्हणून ओळखलं जातं. काळे मोहरे होते लिओनेल किझेरित्स्की यांचे. ते पॅरिसला राहत आणि बुद्धिबळ शिकवून पोट भरत. लंडनमध्ये तेव्हा पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती, आणि ती पुढे अँडरसननीच जिंकली. पण हा डाव स्पर्धेतला नव्हता. फावल्या वेळात, हौसेखातर बसले होते दोघं.

अँडरसननी दुसऱ्याच चालीला एक प्यादं देऊ केलं. पुढे उंट दिला. मग दोन्ही हत्ती जाऊ दिले. आणि बाविसाव्या चालीला चक्क वजीर दिला. तेविसाव्या चालीला उरलेल्या एक उंट आणि दोन घोड्यांनी काळ्या राजाला मात झाली. त्या वेळी काळ्यांचं गेलं होतं काय? फक्त तीन प्यादी. वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, सगळे पटावर शाबूत. पण दोन्ही हत्ती आणि एक उंट मूळच्या घरातून हललेच नव्हते, आणि वजीर पांढऱ्यांचा हत्ती खाण्यासाठी पार दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. घरी राजा एकटा.

१८५५ साली फाल्कबेअर नावाच्या खेळाडूने या डावाला 'अमर डाव' म्हटलं आणि ते नाव आजतागायत टिकलं आहे.

आम्ही हा डाव पटावर मांडून पाहिला तेव्हा सुरुवातीला अगदी भारावून गेलो. खाणाऱ्याचा लोभ त्याला कुठे नेतो आणि सोडणाऱ्याची वाट कशी मोकळी होते, यावर लगेच एक छान प्रवचन तयार होईल असं वाटलं. पण थोडा विचार केल्यावर ते प्रवचन बाजूला ठेवावं लागलं. कारण अँडरसननी काही सोडलं नव्हतं. त्यांना राजा हवा होता आणि शेवटी तो त्यांना मिळाला. हत्ती, वजीर ही त्या राजाची किंमत होती. बाजारात पैसे देऊन पातेलं आणलं, त्याला आपण पैशांचा त्याग म्हणतो का?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आपल्या पारायणात ते दरवर्षी येतात. देणं कर्तव्य आहे म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. आणि जागा, वेळ, माणूस काहीच न बघता दिलेलं ते तामस. या मापाने पटावरचं अगदी उत्तम बलिदानही राजसच ठरतं. त्यात वाईट काही नाही. खेळ जिंकण्यासाठीच खेळायचा असतो. फक्त त्याला त्याग म्हणू नये, एवढंच.

*उधारी आणि खरं देणं*

पण गोष्ट इतक्यावर संपत नाही. रुडॉल्फ स्पीलमान नावाचे व्हिएन्नाचे एक मोठे खेळाडू होऊन गेले. १९३५ साली त्यांनी मोहऱ्यांच्या बलिदानावरच एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी बलिदानाचे दोन मुख्य प्रकार केले, एक दिखाऊ आणि एक खरं. दिखाऊ म्हणजे ज्याचा परतावा आधीच मोजता येतो. आज वजीर दिला, तीन चालींनी मात, किंवा दोन चालींनी वजीर परत आणि वर एक हत्ती. खरं म्हणजे ज्याचा हिशोब शेवटपर्यंत लागत नाही. मोहरा गेला हे नक्की, काय मिळेल ते नक्की नाही. फक्त पट बघून, अनुभवावर विसंबून तो दिलेला असतो.

ही विभागणी आम्हाला फार उपयोगी वाटली. दिखाऊ बलिदान म्हणजे उधारी. दिलं ते परत येणारच आहे. खऱ्या बलिदानात मात्र देणाऱ्याला 'हे कदाचित कायमचं गेलं' हे मनाशी मान्य करावं लागतं. फळाची इच्छा सुटलेली नसते, पण फळाची खात्री सुटलेली असते. त्यागाच्या वाटेवरची ही पहिली पायरी म्हणायला हरकत नाही.

आपण मुलं वाढवतो ती याच दुसऱ्या प्रकारात मोडतात, नाही का? झोप जाते, पैसा जातो, उमेदीची वर्षं जातात, आणि मूल पुढे काय होईल, आपल्याला विचारील की नाही, याचा हिशोब कुठेच मांडता येत नाही.

पण काही घरांत देताना खरं बलिदान असतं आणि वीस वर्षांनी त्याची उधारी होते. "तुमच्यासाठी मी नोकरी सोडली." "तुझ्या फीसाठी आम्ही कधी नवं कापड घेतलं नाही." हे वाक्य वर्षातून चार वेळा ऐकणाऱ्या मुलाला कळतच नाही की हे कर्ज त्याने घेतलं कधी. उधारी देणं पाप नाही. पण मग घेणाऱ्याला ती देतानाच सांगावी. न सांगता दिलेलं कर्ज व्याजासकट वसूल करणं हा काही सरळ व्यवहार नव्हे.

*न बघता दिलेलं*

बालवर्गातला एक मुलगा, वय वर्षं अकरा, परवा फार हिरमुसला होता. त्याने एक जुना, नावाजलेला हल्ला शिकून घेतला होता. सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूपासून तो माहीत आहे. काळ्याने किल्लेकोट केला की त्याच्या राजासमोरच्या कडेच्या प्याद्यावर आपला उंट मारायचा. राजाने उंट घेतला की घोड्याने शह द्यायचा आणि मागून वजीर आणायचा. मुलाने उंट दिला. पण काळ्याचा घोडा तिथेच पहाऱ्यावर होता. त्या घोड्यानेच उंट खाल्ला, राजाला बाहेर पडावंच लागलं नाही, आणि पुढच्या पंधरा चालींत मुलगा हरला. म्हणाला, "मावशी, मी तर त्याग केला होता!"

त्याला शिकवणाऱ्या दादांनी पट मागे नेऊन दाखवला. म्हणाले, "बाळा, उंट द्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. तुझा घोडा तिथे पोचतो का? वजीर पोचतो का? आणि त्यांचा घोडा राखणीला आहे का? तू तिसरी बघितलीच नाहीस." मुलगा म्हणाला, "पण बघत बसलो असतो तर हिंमत झाली नसती." दादा म्हणाले, "मग हिंमत नव्हतीच ती. डोळे मिटून मारलेली उडी होती."

अँडरसनच्या डावातही सगळं अचूक नव्हतं. पुढच्या विश्लेषकांनी दाखवलं आहे की अठराव्या चालीला काळ्यांना याहून चांगला बचाव होता. म्हणजे तिथेही धोका होताच. फरक एवढाच की जे दिसू शकत होतं ते बघून झाल्यावर तो धोका पत्करला होता.

घरं मोडतात ती बहुधा अशाच न बघता मारलेल्या उडीने. मुलांच्या भविष्यासाठी म्हणून राहतं घर गहाण टाकायचं आणि तो पैसा कुणाच्या तरी सांगण्यावरून शेअरमध्ये घालायचा. बुडाला की म्हणायचं, "मी मुलांसाठीच तर सगळं पणाला लावलं." लावलं खरं, पण घर एकट्याचं होतं का? इथेच आपण दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोचतो.

*उंटाला विचारलं का?*

पटावर बलिदान करतो खेळाडू आणि जातो उंट. खेळाडू खुर्चीवर बसून चहा पितो. डाव जिंकला तर नाव खेळाडूचं. उंट लाकडाचा आहे, त्याला दुःख नाही, म्हणून या रचनेत काही अन्याय नाही. पण हीच रचना घरात आली की?

आमच्या माहितीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. गाव आणि नाव मुद्दाम देत नाही. मुलाला इंजिनिअरिंगला पाठवायचं होतं. आईच्या बांगड्या विकल्या. मुलगी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली होती, तिला एम.एस्सी. करायचं होतं, ते थांबवलं आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न उरकलं. मुलगा शिकला, मोठा झाला, चांगला निघाला. त्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला नातेवाइकांनी कौतुकाची भाषणं केली. वडिलांच्या त्यागाचा उल्लेख तीनदा झाला. बांगड्यांचा एकदा झाला. एम.एस्सी.चा एकदाही झाला नाही. मुलगी त्या वेळी आत पानं वाढत होती.

वडील वाईट मनाचे नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की त्यांनी त्याग केला. मुलीचं शिक्षण थांबवताना त्यांच्या जिवाला लागलं असेल, तेही खरं. पण जिवाला लागणं वेगळं आणि स्वतःचं जाणं वेगळं. खेळाडूलाही वजीर देताना छातीत धडधडतं.

हा लेख लिहिताना आम्ही सेवा गटात यावर बोललो, तेव्हा एका ज्येष्ठ काकांनी रोखठोक मत मांडलं. ते म्हणाले, "ताई, असं प्रत्येकाला विचारत बसलं तर संसार उभाच राहणार नाही. पैसा एक, मुलं तीन. कुणीतरी मागे राहणारच. आमच्या पिढीत धाकट्या भावांसाठी थोरल्याने शाळा सोडली, त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने तक्रारही केली नाही."

काकांचं म्हणणं आम्ही झटकून टाकत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची घरं अशाच एखाद्या थोरल्या भावावर उभी आहेत. पोट भरण्याची मारामार असते तेव्हा निवड करावी लागते, आणि ती करणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यावर आम्हाला दोन गोष्टी सुचतात. एक म्हणजे, मागे राहणारा दर वेळी तोच का? घरोघरी पाहा, बहुधा मुलगी, सून, किंवा कमी बोलणारा भाऊच असतो. पटावरसुद्धा जो मोहरा चुकीच्या घरात अडकलाय, ज्याचा फारसा उपयोग होत नाही, तोच आधी देतात. आपल्या माणसाबद्दल आपण नकळत तसाच हिशोब तर करत नाही ना?

दुसरी गोष्ट, तक्रार न करणं म्हणजे होकार नव्हे. "तुला चालेल ना?" असं आपण विचारतो, पण 'नाही' म्हणायची सोय ठेवलेली असते का? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला अर्थ नाही. त्याने दिलं नाही, त्याच्याकडून गेलं. त्या थोरल्या भावाने पुढे आयुष्यभर हसतमुखाने घर सांभाळलं असेल तर ती त्याची थोरवी. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या खात्यावर ती जमा होत नाही.

म्हणून आमचं मत असं झालं आहे. त्याग हा शब्द फक्त स्वतःच्या वस्तूबद्दल वापरावा. स्वतःची झोप, स्वतःची हौस, स्वतःचा पैसा, स्वतःचा अहंकार. दुसऱ्याचं काही घेऊन तिसऱ्याला दिलं तर त्याला निर्णय म्हणावं, गरज पडली तर नाइलाज म्हणावं. निर्णय बरोबरही असू शकतो. पण त्याचं पुण्य आपल्या नावावर लिहू नये, आणि ज्याचं गेलं त्याचं नाव विसरू नये.

*हरलेल्या माणसाचं काय?*

पुन्हा त्या १८५१ च्या डावाकडे जरा वळू. आपण अँडरसनबद्दल बोललो, पण किझेरित्स्की राहिले. सगळे मोहरे हातात असून ते हरले. बुद्धिबळ शिकवून जगणाऱ्या माणसाला असा पराभव चारचौघांत सांगणं किती जड जाईल! त्यातून हा डाव स्पर्धेतला नव्हता, त्याची नोंद व्हायलाच हवी असं काही नव्हतं. गप्प बसले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी त्या डावाच्या चाली पॅरिसच्या आपल्या मंडळाला कळवल्या, आणि जुलै १८५१ मध्ये त्यांच्याच मासिकात हा डाव छापून आला. पुढे दोनच वर्षांनी, १८५३ साली, ते गेले. आज जगभरातली मुलं तो डाव मांडतात, आपल्या बालवर्गातली सुद्धा.

त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं ते कोण सांगणार? पण मापं लावून पाहा. त्यांनी जे दिलं ते त्यांचं स्वतःचं होतं, त्यांची पत. ती देण्याची सक्ती कुणी केली नव्हती. परतावा काही दिसत नव्हता. आणि मिळालं ते सगळ्यांना. आम्हाला विचाराल तर त्या पटावर वजीर देणाऱ्यापेक्षा हा हरलेला माणूस त्यागाच्या जास्त जवळ आहे.

*या महिन्यासाठी एक विनंती*

दर महिन्याला आपण एक छोटा नेम धरतो. या वेळचा नेम असा. एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून बसावं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: आज आपण जिथे आहोत तिथे यायला आपल्या घरात कुणाचं काय गेलं? लांबलचक यादी नको, दोन नावं पुरेत. पण ती नावं मुलांसमोर, मोठ्याने घ्यावीत. ज्याचं नाव निघेल ती व्यक्ती हयात असेल आणि दूर असेल तर तिला फोन करावा. वाद होतील असं वाटत असेल तर मोठ्यांनी आधी ऐकून घ्यावं, स्पष्टीकरण नंतर.

आणि परत देता येण्यासारखं काही असेल तर तेही पाहावं. पटावर गेलेला मोहरा त्या डावात सहसा परत येत नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तरच त्याच्या जागी दुसरा मोहरा मिळतो. घरात मात्र पुष्कळ वेळा सोय असते. वर सांगितलेल्या त्या घरातली मुलगी आज चाळिशीच्या आत आहे. मुक्त विद्यापीठातून एम.एस्सी. आजही करता येतं. फॉर्मचे पैसे भावाने भरले आणि परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक दुसऱ्या कुणी केला, तर बाकीचं ती करील.

आपले अनुभव गटात लिहावेत. दुसऱ्याच्या घरची गोष्ट लिहिताना नावं टाळावीत. रविवारी बालवर्ग नेहमीच्या वेळी आहे, येताना ज्यांच्याकडे पट असेल त्यांनी आणावा, गेल्या वेळी दोन घोडे कमी पडले होते.

आपल्या सेविका भगिनी,
पत्रिका गट, इंदूर